उंबऱ्याचे सत्तर मिलिमीटर

११,४०० डॉलर, वर जीएसटी. तेही सहा बाल्कन्यांच्या नुसत्या नकाशांचे. एकही फरशी उचकटलेली नव्हती, सिमेंटची एक गोणी आलेली नव्हती, आणि खजिनदार म्हणून ते बिल मंजूर करायची पाळी माझ्यावर आली होती. "एवढ्यात डोंबिवलीला अख्खी गच्ची होईल, वर पत्र्याची शेडही," बाबा फोनवर म्हणाले. बाबा तिकडे सोळा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे गळतीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मी सहसा खोडत नाही.

हा रिव्ह्यू त्या बिलाचा आहे. म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये १ जुलै २०२१ पासून बिल्डर आणि डिझायनर यांच्या नोंदणीचे जे नवे नियम आले, त्यांचा गिऱ्हाईक म्हणून घेतलेला अनुभव. सिडनीत युनिट घेतलेल्या, घ्यायच्या बेतात असलेल्या आणि विशेषतः हौसेने स्ट्रेटा कमिटीत शिरून फसलेल्या मराठी मंडळींसाठी लिहिते आहे. (स्ट्रेटा म्हणजे आपली सोसायटीच. भांडणं तीच, फक्त इंग्रजीतून.) डिझायनरचं आणि कंत्राटदाराचं नाव विचारू नका, देणार नाही.

आमची बिल्डिंग वेस्टमेडला, १९९४ सालची. तीन मजली, लाल विटांची, लिफ्ट नाही, १८ युनिट्स. पश्चिमेकडच्या सहा बाल्कन्या पहिल्यापासून गळक्या. माझ्या खाली एक लेबनीज आजी राहतात. बाल्कनीच्या दारालगत त्यांच्या हॉलच्या छतावर ओल उतरली, की त्या स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायच्या आणि शेजारी तारीख लिहायच्या. २०२२ साली सिडनीत अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात जास्त, आमच्या डोंबिवलीला शोभेल असा. त्या वर्षाअखेर आजींचं छत झाडाच्या बुंध्यासारखं दिसत होतं, एकात एक वर्तुळं. मीटिंगला त्या फोटो आणायच्या नाहीत. "वर या आणि बघा," एवढंच म्हणायच्या.

याच बाल्कन्यांची दुरुस्ती २०१६ मध्ये एकदा झालेली होती. तेव्हाच्या माणसाने जुन्या फरशीवरच एक कोट मारला, त्यावर नवी फरशी बसवली आणि लेटरहेडवर दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली. ते लेटरहेड अजून माझ्या फाइलमध्ये आहे, छान जाड कागद आहे. २०२२ ला फोन लावला तर नंबर बंद, कंपनी गुंडाळलेली. माणूस बहुतेक दुसऱ्या नावाने दुसऱ्या कुणाच्या तरी फरशीवर फरशी बसवत असेल.

आता कायद्याकडे येऊ. तो आला कुठून, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना साधारण आठवत असेल. २०१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ऑलिंपिक पार्कमधल्या ओपल टॉवरमध्ये कडाकड आवाज आले, ३६ मजल्यांच्या नव्याकोऱ्या इमारतीत तडे दिसले आणि माणसांना सणासुदीला घराबाहेर काढावं लागलं. पुढच्या जूनमध्ये मॅस्कॉट टॉवर्स. १३२ युनिट्स, २००८ सालची बिल्डिंग, एका रात्रीत रिकामी. २०२१ मध्ये एक पाहणी झाली, तिच्यात चार किंवा जास्त मजल्यांच्या नव्या स्ट्रेटा इमारतींपैकी ३९ टक्क्यांच्या सामायिक भागात गंभीर दोष निघाले, आणि दोषांच्या यादीत पहिला नंबर वॉटरप्रूफिंगचा. आमच्या आजींना ते पाहणी न करताही ठाऊक होतं.

पाहणी नंतरची; कायदा ओपल आणि मॅस्कॉटच्या धक्क्यातून आधीच आला होता, २०२० चा डिझाइन अँड बिल्डिंग प्रॅक्टिशनर्स ॲक्ट. नाव लांबलचक आहे, गाभा सोपा आहे. अपार्टमेंट इमारतींपुरतं (इथल्या भाषेत क्लास टू, २०२३ पासून क्लास थ्री, म्हणजे होस्टेलसारख्या इमारती, आणि वृद्धांची निवासी केंद्रंही त्यात आली) पाच गोष्टींचं डिझाइन नोंदणी झालेल्या माणसानेच करायचं: आगीपासून संरक्षणाची यंत्रणा, वॉटरप्रूफिंग, भार पेलणारे भाग, बाहेरचं कवच, आणि पाणी-वीज वगैरे सेवा. नकाशावर त्याने नावानिशी जाहीर करायचं, की हे बिल्डिंग कोडप्रमाणे आहे. ते नकाशे सरकारच्या प्लॅनिंग पोर्टलवर चढल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. शेवटी बिल्डरनेही, तोही नोंदणीकृतच, नकाशाबरहुकूम बांधलं असं जाहीर करायचं. खोटं जाहीर केलं तर दंड आहेच, तुरुंगाचीही तरतूद आहे.

हे नियम फक्त नव्या टॉवर्सना आहेत असा माझाही समज होता. तसं नाही. जुन्या इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीलाही ते लागू होतात. एकट्या युनिटमधली बाथरूम नव्याने करायची तर त्यातून सूट आहे, पण आमच्या बाल्कन्यांचे स्लॅबही खराब झालेले, सळ्या गंजून काँक्रीटचे पोपडे सुटलेले. इथे त्याला 'काँक्रीट कॅन्सर' म्हणतात, ऐकूनच माणूस आजारी पडावा. त्यामुळे सूट वगैरे काही नाही. सरळ डिझायनर शोधा.

शोधण्याचा भाग मात्र चांगला जमवलाय. सरकारची लायसन्स तपासायची नोंदवही ऑनलाइन आहे, फुकट आहे, लॉगिन वगैरे लागत नाही. नाव किंवा नंबर टाका, नोंदणी कधीपर्यंतची, कोणत्या वर्गाची, काही अटी किंवा कारवाई आहे का, ते समोर येतं. आम्ही तीन क्वोट मागवले होते. तिघांनीही ईमेलखाली नोंदणी क्रमांक ठळक अक्षरांत छापलेला. कमिटीचं म्हणणं पडलं की झालं, सगळे नोंदणीकृत, सगळ्यात स्वस्त घ्या. मी आपली रात्री चहा घेऊन एकेक नंबर टाकून बघत बसले. सगळ्यात स्वस्त क्वोटवाल्याची नोंदणी खरी होती, मुदतीतली होती, पण वर्ग होता ड्रेनेजचा. आमच्या कामाशी त्याचा संबंध मोरीपुरता. म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गुडघा घेऊन जाण्यासारखं. डॉक्टर खोटा नाही, पण गुडघ्याला काय उपयोग? मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, सही दुसऱ्याकडून घेऊ. त्याला तिथेच धन्यवाद म्हटलं.

म्हणून पहिली सूचना हीच: नंबर आहे एवढ्यावर थांबू नका, वर्ग वाचा. डिझायनरचे वर्ग बरेच आहेत, आणि इंजिनिअरांची नोंदणी वेगळी, त्यातही सिव्हिल, स्ट्रक्चरल, जिओटेक्निकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, फायर सेफ्टी अशा शाखा. आमच्या कामाला बाल्कनीच्या डिझाइनसाठी एक आणि स्लॅबसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर असे दोघे लागले. दोघांचे कागद एकमेकांशी जुळवणारा वरचा माणूस नेमायचा असेल तर त्याचीही वेगळी नोंदणी असते.

शेवटी घेतलेली डिझायनर बाई पन्नाशीची, पायात जाड बूट, गळ्यात टॉर्च. नमस्कार-चमत्कार झाले, कॉफी नको म्हणाली आणि सरळ माझ्या बाल्कनीत गुडघ्यांवर बसली. मला वाटलं होतं फरशी ठोकून बघेल, सांधे बघेल. तिने फुटपट्टी काढली आणि दाराचा उंबरा मोजला. बाहेरच्या फरशीपासून सरकत्या दाराच्या पट्टीपर्यंत उंची: आठ मिलिमीटर.

"तुमच्या सगळ्या आजाराचं मूळ हे," ती म्हणाली.

मग तिने समजावलं. फरशी म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, सांध्यांतून पाणी खाली जाणारच. खालचा पडदा, मेम्ब्रेन, ते पाणी अडवतो. पण तो पडदा ताटासारखा असून चालत नाही, परातीसारखा काठ लागतो. काठ किती उंच, ते तिथल्या वाऱ्याच्या जोरावर ठरतं, कारण वारा पाण्याला दाराकडे ढकलतो. सगळ्यात कमी वर्गालासुद्धा चाळीस मिलिमीटर लागतात. आमच्यासाठी तिने सत्तर धरले. आमच्याकडे होते आठ. म्हणजे २०१६ मध्ये त्या गृहस्थाने सोन्याचा मुलामा दिला असता तरी जोराच्या पश्चिमेच्या पावसात पाणी पडद्याच्या काठावरून दाराखाली शिरणारच होतं. उलट फरशीवर फरशी चढवून त्याने होता तो काठही खाल्ला.

मी हे बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अगं म्हणजे वाटाच केला नव्हता की!" भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करतात तो वाटा. सोसायटीच्या गच्चीवर कोबा घालणारे मिस्त्री तो न सांगता करायचे, आणि पॅरापेटवर वीतभर वर चढवायचे. "आणि ढाळ किती ठेवलाय?" बाबांचा पुढचा प्रश्न. नकाशात बघितलं: शंभराला एक, मोरीच्या दिशेने. "ठीक आहे," बाबा म्हणाले. बाबांचं ठीक आहे म्हणजे इथल्या सर्टिफायरच्या शिक्क्याच्या वर.

नकाशे आले तेव्हा मी खरं तर वाचू लागले ते पैसे वसूल करायला. अकरा पानं. दाराच्या उंबऱ्याचा छेद एका अख्ख्या पानावर, आजूबाजूला बाणच बाण: इथे पडदा वर वळवा, इथे धातूची पट्टी, इथे पडदा दाराच्या चौकटीच्या मागे, मोरीच्या तोंडाशी पडद्याला धरणारी कॉलर. फरशी घालण्याआधी पाणी भरून चोवीस तास ठेवायचं, खाली ओल येते का बघायचं, फोटो काढायचे. प्रत्येक पानाच्या खाली तिचं नाव आणि नोंदणी क्रमांक. २०१६ च्या कामाची माझ्याकडे एकूण कागदपत्रं म्हणजे ते जाड लेटरहेड.

आता ज्या दिवसासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहावासा वाटला तो दिवस. कंत्राटदार बरा होता, नोंदणीकृत होता, वेळेवर यायचा. १,४८,००० डॉलरचं काम. तिसऱ्या बाल्कनीला त्याच्या लक्षात आलं, की सत्तर मिलिमीटर साधायचे तर सरकतं दार चौकटीसकट काढून उंच बसवावं लागतं आणि आतलं प्लास्टर फुटतं. नकाशात ते होतंच, पण प्रत्यक्षात हात दुखायला लागले. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दार राहू दे, मी पडदा चौकटीला टोकापर्यंत लावून सिलिकॉन मारतो. तीन दिवस वाचतील, तुमचे पैसेही." खरं सांगते, मोह झाला. स्पेशल लेव्ही, म्हणजे जादा वर्गणी, मीच मांडली होती, युनिटमागे नऊ हजार, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका मला जिन्यात टाळायला लागले होते.

पण नव्या नियमांत असा बदल तोंडी होत नाही. डिझाइन बदलायचं तर आधी बदललेला नकाशा, त्यावर पुन्हा डिझायनरची सही, मग काम. त्याने तिला फोन लावला, स्पीकरवर. ती दोन मिनिटं ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "तुला तसं करायचं असेल तर सही करणारी दुसरी शोध. मी करणार नाही." आवाज चढला नाही, काही नाही. कंत्राटदाराने फोन खिशात टाकला, शिवी हासडली (माझ्याकडे बघून सॉरी म्हणाला) आणि दार काढायला घेतलं.

११,४०० डॉलरमध्ये आम्ही काय विकत घेतलं, तर ती दोन मिनिटं. नकाशा कुणीही काढून देतो. पण नाही म्हणण्यात जिचा स्वतःचा फायदा आहे अशी एक व्यक्ती साइटवर हवी असते, आणि कायद्याने ती तयार केली आहे. तिचं नाव सरकारच्या वहीत आहे, कंपनी गुंडाळली तरी नाव गुंडाळता येत नाही. या कायद्याने मालकांप्रति काळजी घेण्याचं जे कर्तव्य लादलंय ते आजच्या मालकापुरतं नाही, माझ्यानंतर युनिट घेणाऱ्यालाही लागू आहे, आणि दाव्याची कमाल मुदत दहा वर्षं. बाबांनी विचारलं, "आणि सही केल्यावरही गळलं तर?" मी म्हटलं, "दहा वर्षं तिच्या मानेवर." बाबा जरा वेळ गप्प राहिले. सोसायटीच्या गच्चीवर सोळा वर्षांत किती वेळा डांबर ओतलं ते मोजत असावेत.

तिकडच्या मंडळींना फरक कळावा म्हणून सांगते: मे २०१७ पासून महारेरात नोंदणी होते ती प्रकल्पाची. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठाहून जास्त फ्लॅट, दोन्ही असले की बिल्डरला ती करावीच लागते, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते पैशाला कुंपण आहे, आणि चांगलं कुंपण आहे. इथे या कायद्यात कुंपण घातलंय ते माणसाला आणि त्याच्या सहीला. मला विचाराल तर दोन्ही ठिकाणी दोन्ही हवीत.

तर गुण. पाचपैकी साडेतीन. दीड का कापला? एक, वेळ. चौकशी केल्यापासून पहिली फरशी उचकटेपर्यंत सात महिने गेले, आणि त्यातले पाच नुसते योग्य वर्गाची, आमच्यासारख्या लहान कामाला हो म्हणणारी डिझायनर मिळवण्यात. मोठे टॉवर सोडून सहा बाल्कन्यांसाठी गुडघ्यावर बसायला फार कमी लोक तयार असतात. दोन, खर्च. लहान स्ट्रेटाला तो झोंबतो, आणि त्या खर्चाच्या भीतीने कितीतरी कमिट्या दुरुस्ती पुढे ढकलत बसतात. हे माझ्या ओळखीच्या दोन बिल्डिंग्जमध्ये चाललंय, तिथेही छतावर पेन्सिल लागेल लवकरच. आणि तीन, नोंदवही माणसाची पात्रता सांगते, त्याचा हात सांगत नाही. आधी केलेल्या तीन कामांचे पत्ते मागा, आणि तिथल्या खालच्या मजल्यावरच्या माणसाशी बोला. वरच्याशी नाही.

नवीन युनिट घेणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण तो माझा अनुभव नाही, माझ्या भाचीसाठी केलेला अभ्यास आहे. इमारत जुलै २०२१ नंतर सुरू झाली असेल तर डिझायनर आणि बिल्डर कोण, त्यांची नावं एजंटकडे लेखी मागा. आमच्या भाचीच्या एजंटने आधी किचनच्या दगडाबद्दल दहा मिनिटं सांगितलं, नावं द्यायला तीन ईमेल लागले. तीनपेक्षा जास्त मजल्यांच्या इमारतीला घरबांधणीचा नेहमीचा विमा नसतो, हेही लक्षात ठेवा. मोठ्या दोषांची हमी सहा वर्षं, बाकीच्यांची दोनच. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या हायकोर्टाने, म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने, ४ विरुद्ध ३ अशा निकालात सांगितलं, की वर सांगितलेल्या काळजीच्या कर्तव्यातून डेव्हलपर आणि मुख्य कंत्राटदार यांना "चूक त्या सबकॉन्ट्रॅक्टरची" म्हणून आपला वाटा कमी करून घेता येणार नाही. (हा वाटा वेगळा. पण बाबांना दोन्ही आवडले.)

काम मार्चमध्ये संपलं. पाणी भरून ठेवलं त्या रात्री मी दोनदा उठून खाली गेले, आजीही जाग्याच होत्या, आम्ही दोघी त्यांच्या हॉलमध्ये छताकडे बघत उभ्या. काही नाही. त्यानंतर तीन मोठे पाऊस झाले, त्यातला एक पश्चिमेचा, आडवा. शेवटची पेन्सिलची रेघ अजून शेवटचीच आहे. रंगवून देऊ का छत, म्हणून मी कमिटीतर्फे विचारलं, तर आजी नको म्हणाल्या. स्टूल अजून त्यांनी दाराशीच ठेवलंय.